अपस्माराचे औषध : नावाचे की बिननावाचे?

औषधांच्या दुकानात गेलेल्या गृहस्थास हल्ली एक प्रश्न हमखास पडतो. औषध तेच, गोळी तितक्याच मिलिग्रॅमची. पण एका पाकिटाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट. स्वस्त ते घ्यावे तर मनात पाल चुकचुकते. महाग ते घ्यावे तर महिन्याचा हिशेब जुळत नाही. दोन दिवसांच्या तापापुरत्या गोळ्या घ्यावयाच्या असतील तर हा प्रश्न फारसा गंभीर नव्हे. चुकलेच तर ताप एक दिवस अधिक राहील. परंतु ज्या घरात अपस्माराचा रोगी आहे, त्या घरास ह्या प्रश्नाचा निकाल वर्षानुवर्षे, दर महिन्यास करावा लागतो, आणि तो चुकल्यास त्याचे प्रायश्चित्त रोग्यास भोगावे लागते. चार वर्षे झटका न आलेल्या मुलास एके दिवशी जिन्यावर झटका आला, म्हणजे केवळ डोके फुटण्याचेच भय नसते. त्याची नोकरी, त्याचे वाहन चालविणे, त्याचे लग्न, आणि मुख्य म्हणजे आपण आता बरे आहो हा त्याचा विश्वास, हे सर्व एका क्षणात डळमळते. म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. आयुष्य शाळेत मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात गेले. तथापि कुटुंबातच हा रोग असल्यामुळे गेली दहा-बारा वर्षे त्याविषयी जे वाचावयास मिळाले ते वाचले, आणि डॉक्टरांस प्रश्न विचारून पुष्कळ त्रासही दिला. पुढील मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारावे हे कळावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

अपस्मार हा शब्दच बोलका आहे. 'स्मार' म्हणजे स्मृती, आणि ती दूर जाणे म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत निदानस्थानाचा आठवा व चिकित्सास्थानाचा दहावा असे दोन अध्याय ह्या एका रोगास दिलेले आहेत, आणि त्यांत दोषांवरून त्याचे प्रकार पाडून औषधयोजना सांगितली आहे. ग्रीक लोक ह्यास दैवी कोप समजत असत. त्यांच्याही हिपॉक्रेटिसाच्या नावावर असलेल्या ग्रंथात हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. दोन प्राचीन राष्ट्रांच्या वैद्यांनी इतके सांगून ठेवल्यावरही आमच्याकडे फेफरे आले की कांदा हुंगविणे, चपलेचा वास देणे, मुठीत किल्ली कोंबणे हे प्रकार अद्याप सुशिक्षित घरांतून चालतात! त्यांनी काही साधत नाही. रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर त्वरित रुग्णालयात न्यावे. झटका आपला आपण थांबतो, आणि श्रेय मात्र चपलेस मिळते.

खऱ्या औषधांचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचाही नाही. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक ह्या डॉक्टराने ब्रोमाइडाचा उपयोग सांगितला. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान ह्याने फेनोबार्बिटालचा गुण ओळखला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पुटनम ह्या दोघांनी फेनिटॉइन पुढे आणले, आणि झोप न आणता झटके थांबविणारे औषध प्रथमच हाती आले. त्यानंतर कार्बामाझेपीन आले. व्हॅल्प्रोएटाची कथा तर गंमतीची आहे. फ्रान्समध्ये १९६२-६३ च्या सुमारास दुसरीच द्रव्ये विरघळविण्यासाठी ते वापरीत असत. ज्यात त्यात गुण दिसू लागला तेव्हा गुण विरघळणाऱ्याचा नसून विरघळविणाऱ्याचा आहे असे ध्यानात आले. अलीकडे लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासिटाम इत्यादी नवी औषधे आली आहेत. योग्य निदान व नियमित औषध मिळाल्यास शंभरांतील सत्तर रोगी झटक्यांवाचून राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'नियमित' हा त्या वाक्यातील महत्त्वाचा शब्द होय; आपला प्रश्नही त्याच्याशीच निगडित आहे.

आता नावांचा घोळ उलगडू. मुलाचे पाळण्यातले नाव एक असते आणि घरोघर हाका मारावयाची नावे निराळी असतात, तसाच हा प्रकार. फेनिटॉइन हे पाळण्यातले नाव. डायलँटिन, एप्टॉइन ही कंपन्यांनी ठेवलेली नावे. कार्बामाझेपीन हे औषध. टेग्रेटॉल हे ते प्रथम बाजारात आणणाऱ्या कंपनीने त्यास दिलेले नाव. शोध लावणाऱ्या कंपनीस काही वर्षांपुरता एकाधिकार म्हणजे पेटंट मिळते. त्याची मुदत संपली की इतरांसही तेच औषध करता येते, आणि इतरांनी केलेल्या अशा औषधास जेनेरिक म्हणतात. अमेरिका किंवा इंग्लंड येथे 'ब्रँड की जेनेरिक' असे विचारले म्हणजे मूळ शोधकाचे की नंतरच्यांचे, एवढाच अर्थ असतो.

आमच्याकडे मात्र तोच प्रश्न विचारला असता अर्थ पालटतो, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या कृतीस संरक्षण दिले, औषधास दिले नाही. ही स्थिती २००५ पर्यंत होती. त्यामुळे येथील कंपन्यांनी निराळ्या कृतींनी तीच औषधे तयार केली आणि प्रत्येकीने आपापले नाव लावून ती विकली. म्हणजे आपण 'चांगल्या कंपनीचे ब्रँडेड' म्हणून जे विश्वासाने घेतो, ते बहुतेक वेळा नाव लावलेले जेनेरिकच असते! त्याच्या शेजारी केवळ मूळ नावाने विकली जाणारी औषधे असतात. सरकारी जनऔषधी केंद्रांतील औषधे ह्याच वर्गातील. पहिले केंद्र नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे उघडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. तेथील औषधे नामांकितांपेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त असतात, व प्रत्येक घाण्यातील नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो, असे सरकारतर्फे सांगण्यात येते. तेव्हा आमच्या घरातील वाद खरे पाहता 'अस्सल की नक्कल' असा नसून 'ह्या कंपनीचे की त्या कंपनीचे, नाव लावलेले की न लावलेले' असा आहे.

मग ही सर्व औषधे सारखी असतात काय? 'सारखी' म्हणजे किती सारखी, हे पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. निरोगी माणसांस एकदा मूळ औषध व काही दिवसांनी दुसरे औषध देतात, ठराविक वेळाने रक्त काढतात, आणि औषध रक्तात सर्वांत अधिक किती चढले व एकंदर किती उतरले, हे ताडून पाहतात. दोहोंचे गुणोत्तर, त्यातील अनिश्चिततेचा पट्टा धरून, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसले पाहिजे, असा नियम आहे. ह्या आकड्यांनी पुष्कळ गैरसमज माजविला आहे. स्वस्त गोळीत ऐंशी टक्केच औषध असते असे लोक खुशाल सांगत सुटतात. तसे मुळीच नाही. गोळीत औषध किती असावे ह्याचा दंडक निराळा व पुष्कळ कडक आहे. वरील मर्यादा आहे ती सरासरीच्या भोवतालच्या संपूर्ण पट्ट्यास लागू. तो पट्टा दोन्ही बाजूंनी आत बसवावयाचा तर मूळ सरासरी शंभराच्या अगदी जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध खात्याने बारा वर्षांतील दोन हजारांहून अधिक चाचण्यांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध केला, त्यात रक्तात उतरलेल्या एकंदर औषधातील सरासरी तफावत साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाली.

आमच्याकडे मात्र ही चाचणी पुष्कळ वर्षे सर्वांस सक्तीची नव्हती. औषधास प्रथम मान्यता मिळून चार वर्षे लोटली की पुढे परवाना मागणारास ती करून दाखविण्याची गरज पडत नसे. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला, आणि पाण्यात सहजासहजी न विरघळणाऱ्या औषधांपुरती ती परवाना मागणारास आवश्यक ठरली. फेनिटॉइन व कार्बामाझेपीन ही दोन्ही अशीच हट्टी औषधे आहेत. केंद्रीय औषध नियंत्रण खाते दर महिन्यास कमअस्सल ठरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. तीत अप्रसिद्ध कारखान्यांबरोबर मोठमोठ्या नावांच्या कंपन्याही कधी कधी आढळतात. म्हणजे केवळ किंमत मोजल्याने शंका फिटते असे नाही, आणि स्वस्ताई हाच दोष असेही नाही.

'सारखे' ह्या शब्दाचा अपस्मारात किती बारकाईने विचार करावा लागतो हे ऑस्ट्रेलियातील एका प्रसंगावरून कळून येते. १९६८ च्या सुमारास ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणारे अनेक रोगी एकाएकी झोकांड्या खाऊ लागले. कोणास एकाच्या दोन वस्तू दिसत, कोणास वांत्या होत. ही सर्व लक्षणे औषध अंगात अधिक झाल्याची. परंतु कोणीही मात्रा वाढविली नव्हती. शोध घेता असे आढळले की, कॅप्सुलात औषधाबरोबर जे भरणद्रव्य घालतात, ते बदलले होते. पूर्वी कॅल्शियम सल्फेट घालीत, त्याऐवजी दुग्धशर्करा घालू लागले. कॅल्शियम सल्फेटामुळे आतड्यात औषधाचा काही अंश शोषला न जाता वाया जात असे; दुग्धशर्करेने तो अडथळा दूर झाला, आणि तीच मात्रा रक्तात कितीतरी अधिक उतरू लागली. आमच्या वैद्यांनी अनुपानास इतके महत्त्व का दिले, ह्याचे हे आधुनिक उदाहरण म्हणता येईल. आणि येथे महाग-स्वस्त, नावाचे-बिननावाचे हा प्रश्नच नव्हता. औषध तेच, मात्राही तीच होती. तेव्हा धोका आहे तो स्वस्ताईत नसून, नकळत होणाऱ्या बदलात आहे.

असे फेनिटॉइनाच्याच बाबतीत का व्हावे? वाड्याच्या चौकास एकच मोरी असते अशी कल्पना करा. बादली-बादलीने पाणी ओतले तर ते वाहून जाते. मोरीच्या पोटात मावते त्याहून थोडे जरी अधिक ओतले तरी तेवढे थोडेच साचते असे नाही. क्षणोक्षणी साठत जाऊन सर्व चौक भरतो. फेनिटॉइनाचा निचरा करणारी यकृतातील व्यवस्था अशीच एका मोरीची आहे. मात्रा तिसऱ्या हिश्शाने वाढविली असता रक्तातील प्रमाण दुप्पटही होऊ शकते, आणि उलट थोडी घट झाली असता ते तसेच झपाट्याने खाली येते. गुण देणारे प्रमाण व बाधणारे प्रमाण ह्यांमधील अंतरही ह्या औषधात फार थोडे आहे. लेव्हेटिरासिटामाचे तसे नाही. ते पाण्यात सहज विरघळते, जवळजवळ सर्वच्या सर्व शोषले जाते, आणि मात्रेच्या प्रमाणातच रक्तात चढते.

हा भेद ओळखून इंग्लंडच्या औषध नियामक खात्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये अपस्माराच्या औषधांचे तीन वर्ग केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, फेनोबार्बिटाल व प्रिमिडोन ही पहिल्या वर्गात. रोगी ज्या उत्पादकाचे औषध घेत असेल त्याच उत्पादकाचे त्यास मिळत राहावे, असे त्यांविषयी सांगितले. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजीन, क्लोबाझाम, टोपिरामेट वगैरे दुसऱ्या वर्गात. त्यांचा निर्णय रोगी व झटक्यांचा पूर्वेतिहास पाहून डॉक्टराने करावा. लेव्हेटिरासिटाम, गॅबापेंटिन, लॅकोसामाइड इत्यादी तिसऱ्या वर्गात. तेथे उत्पादक बदलल्याने सामान्यतः बिघडत नाही. आमच्याकडे असे वर्गीकरण घरोघर पोचले असते तर पुष्कळांची काळजी कमी झाली असती, असे वाटते. दुसऱ्या वर्गातील लॅमोट्रिजीनाविषयी अमेरिकेत मुद्दाम कसून परीक्षा झाली. परस्परांहून अधिकात अधिक भिन्न वाटणारी दोन जेनेरिके निवडून, निरोगी माणसांस नव्हे तर अपस्माराच्या पस्तीस रोग्यांसच ती आलटून पालटून देण्यात आली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, रक्तातील प्रमाणात अर्थपूर्ण फरक पडला नाही.

ह्या वर्गीकरणावरून व्यवहाराची एक गोष्ट निघते. ज्या औषधांत उत्पादक बदलणे जोखमीचे, ती फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल, कार्बामाझेपीन ही जुनी औषधे मुळातच स्वस्त आहेत. शिवाय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे त्यांच्या किंमतींस सरकारी मर्यादाही आहे. तेथे बदल करून महिन्यास वाचणार किती? आणि जेथे बचत घसघशीत होण्याजोगी आहे, ती लेव्हेटिरासिटामासारखी नवी व तुलनेने महाग औषधे बहुधा बदलास फारशी नाखूश नसतात. ज्याने काटकसर करावयाची त्याने ती योग्य जागी करावी. काटकसर करणे लाजिरवाणे आहे असे मात्र कोणी समजू नये. परवडत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी देणे, किंवा महिनाअखेरीस चार दिवस औषधच बंद ठेवणे, हे कोणत्याही स्वस्त गोळीहून शतपट घातक आहे. अपस्माराचे औषध एकाएकी थांबविल्यास झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. नव्यानेच उपचार सुरू होत असतील तर पहिल्या दिवसापासूनच, पुढे वर्षानुवर्षे झेपेल असे, विश्वासू उत्पादकाचे स्वस्त औषध डॉक्टरांच्या संमतीने निवडावे. मग बदलण्याचा प्रसंगच येत नाही.

बदल घडला आणि झटका आला, एवढ्यावरून दोष औषधाचाच ठरत नाही, हेही सांगावयास हवे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव आठ वर्षे कार्बामाझेपीन घेत आहेत. तीन वर्षांपूर्वी नेहमीच्या दुकानी माल नव्हता म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे पाकीट दिले. चौथ्या दिवशी बँकेत काम करीत असताना चिरंजीवांस झटका आला. दोन वर्षांत प्रथमच. घरात एकच गिल्ला झाला. स्वस्त औषधाने घात केला, असे आमच्या वहिनी म्हणाल्या, आणि बंधू तर दुकानदारावर फिर्याद करावयास निघाले. डॉक्टर वृद्ध व शांत. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि नवे पाकीट मागितले. "गोळ्या किती उरल्या आहेत, मोजा पाहू," एवढेच ते म्हणाले. मोजल्या, असावयास हव्या होत्या त्यांहून पाच अधिक निघाल्या. मग उलगडा झाला. गोळीचा रंग व आकार निराळा दिसल्यामुळे हे दुसरेच काही औषध दिसते, विचारल्यावाचून कसे द्यावे, असे सूनबाईंस वाटले. चिरंजीव फिरतीवर होते, त्यांस ते फोनवर नीट समजले नाही. आणि ह्या विचारविनिमयात पाच वेळा औषध पोटात गेलेच नाही. सूनबाईंची चूक होती असे मी म्हणणार नाही. अनोळखी गोळी न देणे हा सावधपणाच होय. पाकीट बदलले हे सांगण्याचे काम देणाराचे होते.

असे एकट्या आमच्याच घरी होते असे नाही. अपस्माराच्या औषधांचा रंग बदलल्यावर रोगी ती घेत राहतात की नाही, ह्याचा अमेरिकेत अभ्यास झाला व २०१३ साली प्रसिद्ध झाला. रंग बदलला असता औषधात खंड पडण्याचा संभव सुमारे सत्तावीस टक्क्यांनी अधिक आढळला. एकत्र कुटुंबात तर औषध आणणारा एक, देणारी दुसरी, घेणारा तिसरा आणि डॉक्टरांशी बोलणारा चौथा असतो. अशा घरात पाकिटावरचे नाव निदान दोघांस तरी वाचता आले पाहिजे. २०१८ च्या नियमाने औषधाचे मूळ नाव कंपनीच्या नावाहून मोठ्या अक्षरांत छापण्याचे ठरले आहे. पाहावे ते त्या नावाकडे. दुसरी पाहण्याजोगी ओळ उत्पादकाची. विकणारी कंपनी एक व गोळी प्रत्यक्ष करणारा कारखाना दुसरा, असे आमच्याकडे पुष्कळदा असते, आणि दोन्ही नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. पहिल्या वर्गातील औषध असेल तर जुने रिकामे पाकीट दुकानी नेऊन ह्या दोन्ही ओळी ताडून पाहाव्या. मिलिग्रॅमच्या आकड्यापुढे सावकाश विरघळणारी गोळी असल्याची खूण असते, तीही चुकवू नये. साधी व सावकाश विरघळणारी अशा दोन गोळ्यांत औषध तेच व तितकेच असले तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

दुकानदाराने चिठ्ठीवरील औषधाऐवजी आपल्या मर्जीने दुसऱ्या कंपनीचे औषध देणे आमच्या औषध नियमावलीस मंजूर नाही. आत द्रव्य तेच असले तरीही नाही. हे ग्राहकांस ठाऊक नसते, आणि दुकानदारास ठाऊक असले तरी गर्दीच्या वेळी आठवत नाही. डॉक्टरांनी मूळ नावाने, वाचता येईल अशा अक्षरात चिठ्ठी लिहावी, असे वैद्यक परिषदेने २०१६ सालीच सांगितले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नावानेच लिहिण्याची सक्ती करणारे नियम निघाले व त्याच महिन्यात स्थगितही झाले. माझे मत विचाराल तर अपस्माराच्या चिठ्ठीवर दोन्ही असावीत : मूळ नाव स्पष्ट, आणि त्याखाली ठरविलेल्या उत्पादकाचे. केवळ कंपनीच्या नावाने कसा घोटाळा होतो ते पाहा. लॅमिक्टल हे अपस्माराचे औषध, लॅमिसिल हे नायट्यावरचे. नावाच्या साम्यामुळे एकाच्या जागी दुसरे दिले गेल्याचे प्रकार अमेरिकेत घडलेले आहेत.

उत्पादक बदलणे भागच पडले, तर ते डॉक्टरांस आधी कळवून करावे. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन असेल तर बदलापूर्वी एकदा व नंतर काही आठवड्यांनी पुन्हा, अशी रक्तातील प्रमाणाची तपासणी करून घेता येते. त्या काळात पोहणे, गच्चीच्या कडेला जाणे, एकट्याने वाहन चालविणे टाळावे. जुने पाकीट संपण्यापूर्वी नवे घरात असावे. दुकानी माल नाही म्हणून वाटेल ते घेण्याची वेळ बहुधा शेवटच्या गोळीच्या दिवशीच येते.

ह्या रोगाविषयीची लपवाछपवीही औषधाच्या मुळावर येते. मुलगी उपवर झाली की तिचे औषध गल्लीतल्या दुकानातून आणणे बंद होते. कोणास कळू नये म्हणून आज ह्या पेठेतून, उद्या त्या पेठेतून, कधी परगावच्या नातलगाकडून गोळ्या येतात; आणि दर खेपेस कंपनी निराळी. पहिल्या वर्गातील औषधात टाळावयाचे जे जे सांगितले, ते सर्व ह्या एका युक्तीने साधले जाते! १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके हा वेडाबरोबरच विवाहास प्रतिबंध मानला गेला होता. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला. कायद्याने जे सोडले ते घरातील वडीलधाऱ्यांनी धरून बसू नये. लग्न ठरण्यापूर्वी दुसऱ्या घरास स्पष्ट सांगावे, म्हणजे सासरी औषध उघडपणे व वेळेवर घेता येते. जाता जाता, नावाशी संबंध नसलेली पण ह्याच मुलींशी संबंध असलेली गोष्ट : व्हॅल्प्रोएट, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, गर्भास बाधते, ते घेणाऱ्या मातांच्या दहांतील सुमारे एका बालकास जन्मतः व्यंग आढळते. म्हणून लग्नाचा विचार सुरू होताच डॉक्टरांस विचारावे. मात्र औषध आपण होऊन बंद करू नये.

एवढे सर्व करून आणलेल्या गोळ्या ठेवावयाच्या कोठे, हेही सांगावयास हवे. कारण चांगल्या उत्पादकाची गोळीही घरी बिघडू शकते. १९९० साली अमेरिकेच्या औषध खात्याने कार्बामाझेपीनाविषयी इशारा दिला की, दमट जागी ठेवल्यास ह्या गोळ्या कठीण होतात, पोटात नीट विरघळत नाहीत, आणि त्यांचा गुण एक-तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. न्हाणीघरातील फळीवर औषधे ठेवू नयेत, असे त्यांनी बजावले. रत्नागिरी-मालवणकडे जेथे आषाढात कपाटातील पुस्तकांसही बुरशी धरते, तेथे तर घरातील बहुतेक जागा न्हाणीघरासारख्याच म्हणावयाच्या. गोळ्या पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरी आहे. कार्बामाझेपीनापुरती ती सोडावी. पाकीट कात्रीने कापून वेष्टनासकट तुकडे डबीत ठेवता येतात, आणि वेष्टन घेण्याच्या वेळी फोडावे. डबी स्वयंपाकघरातील शेगडीजवळच्या कोनाड्यात न ठेवता कपड्यांच्या कपाटात वरच्या खणात ठेवावी.